रेल्वेसह टेबल

शैला ओव्हाळला टेबल हवं होतं. रेल्वे नको होती.

बिबवेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती एकोणीस वर्षं ब्लाउज शिवत होती, आणि कापड बेतायची ती जमिनीवर बसून. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी ‘जमिनीवर बसणं बंद’ असं लिहून दिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. सुताराला विचारलं, तर त्यानं सांगितलेला आकडा ऐकून नवरा संजय म्हणाला, “त्यापेक्षा गुडघेच बदलू.” तेव्हा शैला मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला लागली, आणि चौथ्या दिवशी तिला ही सापडली:

‘विकणे आहे. रेल्वेसह टेबल. आठ फूट बाय चार. सागवानी पाय. रेल्वे चालू स्थितीत. दुपारी एक ते चार फोन करू नये. सकाळीही शक्यतो करू नये.’

शैलानं संध्याकाळी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी संजयला घेऊन नारायण पेठेत हजर झाली.

दार अनंत मेहेंदळ्यांनी उघडलं. वय बहात्तर, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे समोरच्याला काहीही येत नाही हे धरूनच ते बोलत. त्यांची इमारत पाडून नवी होणार होती. मेहेंदळे नवरा-बायको वारज्याला मुलाकडे, आमोदकडे राहायला चालले होते आणि आमोदच्या फ्लॅटमध्ये आठ बाय चारला जागा नव्हती.

टेबलावर भुशाला हिरवा रंग देऊन केलेली एक टेकडी होती. टेकडीत बोगदा, बाहेरून एक आणि आतून एक असे दोन गोल रूळ, तळहातावर मावेल एवढं स्टेशन, सिग्नल, फाटक, आणि एक इंजिन व तीन डबे. शैलानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. प्लाय जाड होता, कुठे वाकलेला नव्हता. उंची तिच्या कमरेला बरोबर.

“काल एक खाणावळवाला आला होता,” मेहेंदळे म्हणाले. “म्हणाला, वरचं सगळं उचकटून टाकतो, पोळ्या लाटायला टेबल बरं आहे. त्याला मी जिना दाखवला. तुम्हाला कशासाठी हवंय?”

शैलानं संजयकडे पाहिलं. संजय छताकडे बघत होता.

“सासऱ्यांसाठी,” ती म्हणाली. “ते टेलिफोन खात्यात होते. एक्स्चेंजमध्ये. त्यांना असल्या गोष्टींचं फार वेड.”

यातलं टेलिफोन खात्याचं खरं होतं.

“चालवून दाखवू?” मेहेंदळ्यांनी विचारलं, पण प्लगकडे हात काही नेला नाही.

“नको, नको. तुमच्यावर विश्वास आहे,” शैला घाईनं म्हणाली. मार्केट यार्डातून बोलावलेला टेंपोवाला खाली हॉर्न वाजवत होता. का कोण जाणे, मेहेंदळ्यांनाही हायसं वाटल्यासारखं दिसलं. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा रेल्वेकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि पेले ठेवून आत गेल्या.

मेहेंदळ्यांच्या रुंद लाकडी जिन्यावरून टेबल आडवं होऊन उतरलं. बिबवेवाडीच्या जिन्यात मात्र ते पहिल्याच वळणावर अडकलं. हमालांनी खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की हे दोन तुकड्यांचं आहे, बोल्ट काढले की सुटेल. बोल्ट निघाले, पण टेबल सुटेना. खालून शेवयांसारख्या वायरी एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात गेल्या होत्या.

“कापू का?” संजयनं विचारलं.

“कापा,” शैला म्हणाली. “तसंही वरचं उचकटायचंच आहे.”

घाईत हाताशी लागली ती शैलाची कापडाची कात्री. कापडाशिवाय तिला कशालाही लावायचं नाही असा घरात कायदा होता. त्या दिवशी त्याच कात्रीनं संजयनं एकतीस वायरी कापल्या.

टेबल हॉलमध्ये जोडून उभं राहिलं आणि मग कळलं की हॉल आणि टेबल साधारण एकाच मापाचे आहेत. सोफा बाल्कनीत गेला. टीव्ही भिंतीवरून काढून कोपऱ्यात ठेवावा लागला आणि तिथवर त्याची केबल पोचेना. उरली फक्त आबांची खुर्ची.

आबा म्हणजे रतन ओव्हाळ, संजयचे वडील. वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी कांताबाई गेली, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं आटत आटत ‘हं’वर येऊन थांबलं होतं. “चहा ठेवू?” “हं.” “गोळी घेतली?” “हं.” उजवा हात थरथरायचा, म्हणून तो डाव्या हातानं धरून ते दिवसभर टीव्हीसमोर बसायचे. टीव्हीवर काय चाललंय याला महत्त्व नव्हतं; शैलानं एकदा आवाज बंद करून बघितला होता, त्यांनी तसाच दोन तास पाहिला. आता टीव्हीच्या जागी टेकडी होती. आबा टेकडीकडे बघत बसले.

संध्याकाळी मेहेंदळ्यांचा फोन आला.

“पोचलं का व्यवस्थित?”

“हो, अगदी व्यवस्थित,” शैला म्हणाली.

“आणि ते... गाडीचं मला जरा तुम्हाला...” मेहेंदळे अडखळले.

खाणावळवाल्याला दाखवलेला जिना शैलाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हाताऱ्याला कळलं तर टेबल परत मागेल. “गाडी काय छान चालतेय,” ती म्हणाली. “लावल्या लावल्या सुरू झाली.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“चालतेय?”

“हो. सासरे तर टेबलापासून उठतच नाहीत.”

तिनं आबांकडे पाहिलं. खरोखरच ते उठलेले नव्हते.

“असं,” मेहेंदळे म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, सिग्नल लाल-हिरवा होतो का. होतो, म्हणाली. आपोआप होतो का. अगदी आपोआप. तिसऱ्या दिवशी विचारलं, गाडी आली की फाटक पडतं का. पडतं. किती आधी पडतं. “गाडी यायच्या जरा आधी,” शैलानं विचार करून सांगितलं. प्रत्येक उत्तरानंतर मेहेंदळ्यांचा आवाज खोल खोल जात चालला होता. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही येतो. अकरा वाजता. मला ती चालताना बघायची आहे.”

“सांगून टाक बिघडली म्हणून,” संजय म्हणाला. तो त्या वेळी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवत होता.

“कशानं बिघडली सांगू? कात्रीनं? अहो, त्यांचा आवाज ऐकला असता ना तुम्ही. चालते म्हटलं की गळाच दाटून येतो त्यांचा. किती जीव असेल त्या गाडीवर. आणि आपण तिच्या वायरी कापल्या.”

“मी कापल्या,” संजय म्हणाला. “तू नुसतं ‘कापा’ म्हणालीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी संजय ऑफिसला गेल्यावर शैलानं टेबलाखाली चटई टाकली आणि आडवी झाली. वर बघितलं तर एकतीस वायरी इकडून लोंबत होत्या आणि एकतीस तिकडून. तिनं इकडची एक लाल धरली, तिकडची एक लाल धरली.

“लाल लालला जोडू नकोस,” वरून आवाज आला.

शैला दचकली. तिचं कपाळ प्लायवर आपटलं. सहा महिन्यांत आबांच्या तोंडून सलग चार शब्द कोणी ऐकले नव्हते.

“मग काय करू, आबा?”

“ती कुठून येते ते बघ आधी. रंगावर काय जायचं. बांधणाऱ्याच्या हाताशी जो रंग लागतो तो वापरतो तो.” मग त्यांनी विचारलं, “पण तुला जोडायचंय कशाला? तू तर उचकटणार होतीस.”

शैलानं झोपल्या झोपल्या सगळं सांगितलं. सासऱ्यांचं वेड, लावल्या लावल्या सुरू होणारी गाडी, आपोआप होणारा सिग्नल, जरा आधी पडणारं फाटक. तिला फक्त आबांची पावलं दिसत होती.

“म्हणजे मी उठतच नाही इथून,” आबा म्हणाले.

“तसं सांगितलंय.”

“आणि मला फार वेड आहे.”

“हो.”

“माळ्यावर हिरवी पेटी आहे,” आबा म्हणाले. “काढ.”

हिरव्या पेटीत आबांचं जुनं मीटर होतं, पकडी होत्या, वायरींना डाख द्यायची सोल्डरिंगची इस्त्री होती. आबा स्टुलावर बसले, कमरेत वाकले, आणि त्यांनी टेबलाखाली डोकं घातलं. तिथं एक पत्र्याचा डबा स्क्रूनं बसवलेला होता. शैलानं झाकण काढलं. आत तांब्याची गुंडाळी आणि त्यावर बारीक पात्या असलेले नऊ ठोकळे ओळीनं बसले होते.

आबा इतका वेळ गप्प राहिले की शैलाला वाटलं, झालं, पुन्हा ‘हं’.

“हे आमचे आहेत,” आबा म्हणाले.

“आमचे म्हणजे?”

“रिले. टेलिफोनचे. एक्स्चेंज बदललं तेव्हा सगळे भंगारात गेले, टनावारी. कुणीतरी जुन्या बाजारातून उचलून इथं लावलेत. वीज आली की ही पात टक् करून चिकटते, की पुढचं सुरू. तुझा फोन लागायचा ना पूर्वी, तो असल्या पाच-पन्नास टक्-टक् मधून लागायचा.” त्यांनी डाव्या हाताचं बोट एका पातीवर ठेवलं. “ज्यानं हे मुळात बांधलं ना, तो माणूस जाणता होता. पण नंतर कोण्या गाढवानं यात हात घातलाय. हा तिसरा बघ. उलटा जोडलाय. आणि हे डाख बघ, शेण थापल्यासारखे.”

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. सकाळी दहाला काम सुरू. शैला खाली, आबा स्टुलावर. आबा मीटरचं एक टोक लावायचे, शैला दुसरं, आणि जुळलेल्या वायरीला ती खुणेसाठी ब्लाउजचा रंगीत दोरा बांधायची. मोरपंखी म्हणजे सिग्नल, राणी म्हणजे फाटक, अबोली म्हणजे रूळ. दोन दिवसांत एकतीसच्या एकतीस जुळल्या. मग प्रश्न आला डाख देण्याचा. आबांनी इस्त्री तापवली, उजव्या हातात घेतली आणि टोक वायरीजवळ नेलं. टोक वायरीच्या अलीकडे-पलीकडे नाचत राहिलं. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तरी नाचलं. आबांनी इस्त्री खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

“माझ्याकडे द्या,” शैला म्हणाली.

“तुला येणार नाही.”

“शिकवा मग.”

आबा खिडकीकडून वळून म्हणाले, “ब्लाउजला हूक लावतेस ना?”

“रोज पन्नास.”

“तसंच आहे. आधी दोन्ही टोकं तापव. घाई करायची नाही. ती तापली की सोल्डर आपण होऊन ओढून घेतात. तू लावायचं नाही, त्यांना घेऊ द्यायचं.”

पहिल्या डाखाचा गोळा झाला. दुसऱ्याचाही. पाचवा आबांनी भिंगातून बघितला आणि “हं” म्हणाले. पण हे ‘हं’ वेगळं होतं. शैला दोन वर्षं ‘हं’ ऐकत होती; तिला फरक कळला.

दरम्यान कामं तुंबत चालली होती. सोनाली नावाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचे सात ब्लाउज शैलाकडे होते. सोनाली ट्रायलला आली तेव्हा दार उघडंच होतं, आणि टेबलाखालून शैलाचे पाय तेवढे बाहेर आलेले होते.

“ताई, माझा शालूवरचा झालाय का?”

“झालाय. वर बघ, स्टेशनवर ठेवलाय.”

सोनालीनं स्टेशनावरून ब्लाउज उचलला. बाहीवर वाटाण्याएवढं भोक होतं. आदल्या दिवशी इस्त्रीवरून सोल्डरचा एक थेंब उडाला होता तो कुठे गेला, याचा पत्ता आता लागला. शैला टेबलाखालून बाहेर आली, भोकाकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता म्हणाली, “इथं मोर येणार आहे. दोन्ही बाह्यांवर. सरप्राइज होतं तुला.” सोनाली इतकी खूश झाली की उरलेल्या सहा ब्लाउजांवरही मोर पाहिजेत म्हणून बसली. आबा तोंडावर रुमाल धरून खोकत होते. तो खोकला नव्हता.

गुरुवारी सगळं तयार झालं. रिलेच्या पात्या शैलानं कोऱ्या कागदाच्या पट्टीनं घासून लख्ख केल्या होत्या. आबांनी उलटा रिले सुलटा करून घेतला, फुगलेले कपॅसिटर बदलायला लावले. बटण दाबलं. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही.

दोष निघाला गाडीचा वेग कमी-जास्त करायच्या डब्यात. आतली तार जळून तिची राख झाली होती. शैला तो डबा घेऊन बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेली. तिथल्या दुकानदारानं डबा उलटसुलट केला, तिच्याकडे बघितलं, आणि विचारलं, “हे चालू करायचंय, का नुसती ओळख पटवायची आहे?” चार दुकानं फिरून ती घरी आली. दोघं गाडीकडे बघत बसली. शुक्रवारची दुपार झाली होती.

“त्या तारेचं काम काय असतं?” शैलानं विचारलं.

“अडवायचं. वीज अडवून धरायची. थोडी सोडली की गाडी हळू, जास्त सोडली की जोरात.”

शैला उठली, आतल्या खोलीत गेली आणि शिलाई मशिनच्या जुन्या मोटरचं पायाचं पेडल घेऊन आली. नवी मोटर घेतल्यापासून ते पडून होतं. “हेही तेच करतं ना? थोडं दाबलं की मशिन हळू, जास्त दाबलं की जोरात.”

आबांनी पेडल उघडलं. आत कोळशाच्या काळ्या चकत्यांची चळत होती. त्यांनी मीटर लावलं, चळत अंगठ्यानं दाबली, काटा सरकला. अजून दाबली, अजून सरकला.

“पायानं रेल्वे,” आबा म्हणाले. “खात्यात कुणाला सांगितलं तर माझं पेन्शन थांबवतील.”

शैला खुर्चीवर बसली आणि तिनं पेडलवर पाय ठेवला, नेटच्या कापडावर पहिला टाका घालताना ठेवतात तितका हलका. इंजिन गुरगुरलं. बोटभर पुढं सरकलं. थांबलं. तिनं अजून जरा दाब दिला. डबे एकमेकांना धडकले आणि गाडी निघाली. बोगद्यात शिरली, बाहेर आली, फाटकाजवळ आली तसं टेबलाखाली एक रिले टक् करून वाजला आणि फाटक पडलं. अगदी जरा आधी.

आबांनी मान फिरवून स्वयंपाकघराकडे बघितलं. “कांता, बघ इकडं,” असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, हे शैलाला दिसलं. तिनं पाय काढला नाही. गाडी फिरत राहिली. आबांनी पुन्हा तोंड टेबलाकडे केलं आणि म्हणाले, “आतला रूळ राहिलाय अजून.”

आतला रूळ शनिवारपर्यंत झाला नाही. विचारलंच, तर ‘आज रविवार, त्या लायनीवर ब्लॉक आहे’ असं सांगायचं ठरलं.

रविवारी मेहेंदळे पावणेअकराला खाली येऊन उभे राहिले आणि अकराला वर आले. पद्मजाबाई त्यांच्या मागे होत्या. चहा नको म्हणाले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पाठीमागे हात बांधून टेबलासमोर उभे राहिले, परीक्षेच्या वर्गात उभे राहत तसे.

आबांनी बटण दाबलं. शैलानं साडीच्या आड पेडलवर पाय ठेवला. सिग्नल हिरवा झाला. गाडी निघाली, बोगद्यातून गेली, फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उठलं. दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. मेहेंदळ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अगंबाई,” पद्मजाबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणजे ही चालते.”

शैलाचा पाय सैल पडला आणि गाडी बोगद्यात थांबली.

“बसतो मी,” मेहेंदळे म्हणाले आणि आबांच्या खुर्चीत बसले. “बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. ही चालू स्थितीत नव्हती. बावीस वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका परदेशी निघालेल्या गृहस्थाकडून घेतली, आमोदसाठी. त्यांच्याकडे चालायची. माझ्याकडे आल्यावर आठ दिवसांत बंद पडली. आमोदनं नाद सोडला. मी नाही सोडला. बावीस वर्षं दर दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याखाली झोपतोय.”

“सुट्टीत सगळे महाबळेश्वरला जायचे,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“बंद म्हणून लिहिलं असतं तर भंगारवाल्यानं नेली असती. म्हणून चालू लिहिलं. नंतर झोप लागेना. पहिला फोन केला तो कबूल करायलाच. तर तुम्ही म्हणालात, लावल्या लावल्या सुरू झाली.” त्यांनी रुमाल काढला. “मला काही समजेना. तीस वर्षं मी मुलांना वीज शिकवली. आणि इथं तुमचे सासरे नुसता प्लग लावतात आणि ती धावते. सिग्नल चालतो. फाटक पडतं. रोज वाटायचं, आज काहीतरी बंद असल्याचं सांगतील. तुम्ही रोज अजून एक गोष्ट चालू करत होतात.”

शैलानं पेडलवरून पाय काढला. “काका, त्या वेळी तिच्या वायरी कापलेल्या होत्या.”

“कुठल्या?”

“सगळ्या,” संजय म्हणाला. “मीच कापल्या. कात्रीनं.”

मग शैलानं सगळं सांगितलं. टेबलाचं, गुडघ्यांचं, उचकटण्याचं, ‘सासऱ्यांना फार वेड’चं. मेहेंदळे ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, जसा एखाद्याचा मोठ्या आजाराचा रिपोर्ट चुकीचा निघाल्यावर होतो.

“म्हणजे मी विचारत होतो तेव्हा फाटक पडत नव्हतं.”

“नाही.”

“आपण दोघंही खोटं बोललो,” मेहेंदळे म्हणाले. “पण तुमचं जास्त सफाईदार होतं. सासरे उठतच नाहीत म्हणालात ना, तिथं मी खचलो.”

आबांनी घसा साफ केला. “तो तिसरा रिले. तो उलटा कुणी जोडला होता?”

शैलानं आबांना डोळ्यांनी खुणावलं. उपयोग झाला नाही.

“मी,” मेहेंदळे म्हणाले. “दोन हजार नऊ साली.”

आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आठ दिवसांत बंद पडली म्हणालात. तेव्हा बिघाड एवढाच असेल बघा. नुसती पात काळी पडलेली. कागदानं पुसली असती तर चालली असती.”

“कागदानं.”

“कोऱ्या.”

मेहेंदळे खुर्चीतून उठून टेबलाशी आले. मग त्यांनी विचारलं, “मी एकदा चालवू का?”

शैला उठली. मेहेंदळ्यांनी पायमोजा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि पेडलवर पाय ठेवला. आयुष्यात त्यांनी कधी शिलाई मशिन चालवलेलं नव्हतं, आणि बावीस वर्षांचा दाब पायात साठलेला होता. गाडी बोगद्यातून सुटली ती गोळीसारखी. वळणावर डबे आडवे झाले. इंजिन एकटंच सरळ निघालं, टेबलाची कड ओलांडली, फरशीवर पडलं आणि घरंगळत बाल्कनीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. एक चाक वेगळ्या दिशेनं गेलं.

मेहेंदळ्यांचा पाय अजून पेडलवरच होता. संजयनं चाक शोधून आणलं. शैला आबांकडे बघायचं टाळत होती. दहा दिवस, एकतीस वायरी, नऊ रिले.

आबा वाकले. त्यांनी थरथरत्या हातानं इंजिन उचललं, कानाशी नेऊन हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला. त्यांनी ते उलटं करून उजेडात धरलं आणि चाकाच्या जागी निरखून पाहिलं.

“बरं झालं,” आबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“हे उघडायचं राहिलंच होतं. आत काय केलंय मूळ बांधणाऱ्यानं, ते बघायला पाहिजे.” ते मेहेंदळ्यांकडे वळले. “उद्या या. दहा वाजता. जवळचा चष्मा घेऊन या.”

“वारज्याहून दोन बस बदलाव्या लागतात,” मेहेंदळे म्हणाले.

“मग लवकर निघा.”

“येतील ते,” पद्मजाबाई म्हणाल्या. “आमोदकडे आल्यापासून सुनेच्या फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा लिहीत बसतात. तिनं परवा पेन लपवलं.”

मेहेंदळ्यांनी पायमोजा घातला. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. “दहा म्हणजे दहाच ना? नाहीतर लोक दहा म्हणतात आणि...”

“दहा म्हणजे दहा,” आबा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे पहिल्यांदाच थोडं आदरानं बघत होते. मेहेंदळे आणि पद्मजाबाई जिना उतरून गेल्यावरही आबा इंजिन हातात घेऊन उभे होते. मग त्यांनी ते हिरव्या पेटीत, मऊ कापडात गुंडाळून ठेवलं, आणि संजयला म्हणाले, “उद्या दोन स्टुलं लागतील.”

शैलानं तुंबलेल्या कापडांचा गठ्ठा काखेत मारला. टेबलावर रेल्वेचे तीन डबे आडवे पडले होते, आणि ते उचलून तिथं कापड पसरायचं हे आता तिच्याही मनात येईना. ती आतल्या खोलीत गेली. पलंगावर चादर ताणून अंथरली, त्यावर कापड पसरलं, आणि वाकून बघितलं. पलंग फार खाली होता.

“अहो,” तिनं हाक मारली. “खाली बांधकामाच्या विटा पडल्यात ना, त्यातल्या सोळा विचारून आणा. प्रत्येक पायाखाली चार.”

संजय दारात येऊन उभा राहिला. त्यानं पलंगाची उंची मनात मोजली, त्यात चार विटा मिळवल्या.

“आणि झोपायला चढायचं कसं?”

“स्टुलावरून,” शैला कापडावर खडूनं रेघ ओढत म्हणाली. “पण दहाच्या आत परत ठेवायचं.”